विश्लेषण : लढाईतल्या ताकदींची बेरीज होते का? फाशांच्या खेळातला वाद आणि इब्राहिमखान गारदी यांचे आयुष्य

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये एका योद्ध्याच्या सगळ्या शक्ती एकाच वेळी मोजाव्यात का, यावर खेळाडूंमध्ये नेहमी वाद होतो. हाच प्रश्न उदगीर आणि पानिपतच्या रणांगणावरही उभा राहिला होता. दोन्ही लढायांमध्ये जेमतेम वर्षाचे अंतर, सेनापती तेच, तोफाही त्याच. निकाल मात्र नेमके उलटे लागले. ते का, याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडते.

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अक्कलकोट रोडच्या पुढे दुधनी लागते. महाराष्ट्राच्या टोकाचे हे गाव. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा इथे रोजच्या व्यवहारात चालतात. दुधनी ज्या तालुक्यात येते, त्या अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रह पाहणाऱ्याच्या, विशेषतः मोबाइलवर गेम खेळणाऱ्या तरुणांच्या, मनात एक प्रश्न हमखास येतो. भिंतीवरच्या तलवारी, भाले, बंदुका, ढाली हे सगळे एकाच माणसाने अंगावर चढवले तर तो दसपट ताकदवान होईल का?

नाही, हे कोणीही सांगेल. पण नेमके का नाही? कोणत्या दोन ताकदी एकत्र येतात आणि कोणत्या एकमेकींच्या आड येतात? गेम तयार करणाऱ्यांना हा नियम लिहून काढावा लागतो. सेनापतीला तो रणांगणावर कळतो आणि तिथे चूक झाली तर डाव पुन्हा मांडता येत नाही.

‘स्टॅकिंग’ म्हणजे काय?

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये चार-पाच खेळाडू एकत्र बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी तिरंदाज. एक जण गेम मास्टर असतो. तो गोष्ट पुढे नेतो आणि नियमांचा निवाडा करतो. वार लागला की चुकला हे बहुतेक वेळा २० बाजूंच्या फाशावर ठरते. या प्रकारातला पहिला मोठा खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. त्याची मुळे युद्धाच्या खेळांत, म्हणजे वॉरगेममध्ये होती. प्रशियाच्या लष्करात तर १८२४ पासून नकाशा, ठोकळे आणि फासे वापरून अधिकाऱ्यांना असा खेळ शिकवला जात होता.

फाशावर पडलेल्या आकड्यात पात्राच्या कौशल्याचे, शस्त्राचे, मंत्राचे गुण मिळवले जातात. या गुणांना बोनस म्हणतात. असे अनेक बोनस एकावर एक चढवून त्यांची बेरीज करणे म्हणजे स्टॅकिंग.

मोबाइल गेम खेळणाऱ्यांना हे लगेच समजेल. बीजीएमआयमध्ये लेव्हल २ चे व्हेस्ट अंगावर असताना लेव्हल ३ चे सापडले, तर जुने उतरवावे लागते. दोन्ही घालून लेव्हल ५ होत नाही. पण व्हेस्ट आणि हेल्मेट मात्र एकत्र चालतात. एक छाती वाचवते, दुसरे डोके.

मग वाद कशावर होतो?

वाद गणितापासून सुरू होतो. २० बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता ५ टक्के. समजा, वार लागण्यासाठी ११ किंवा त्याहून जास्त हवेत. म्हणजे शक्यता ५० टक्के. चांगल्या तलवारीचे ३ गुण मिळाले की ती ६५ टक्के होते. मित्राच्या मंत्राचे आणखी ४ मिळाले की ८५ टक्के. अजून एक-दोन बोनस जोडले की वार चुकण्याची शक्यता जवळजवळ संपते. मग फासा टाकायचाच कशाला, असा प्रश्न पडतो.

बेरीज हवी म्हणणाऱ्यांचा मुद्दाही खरा आहे. खेळाडूने विचारपूर्वक तयारी केली, साथीदारांशी ताळमेळ साधला, तर त्याचे फळ त्याला मिळायला हवे. नाही तर डोके चालवणारा आणि न चालवणारा सारखेच ठरतात.

खेळाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांनी यावर वेगवेगळी उत्तरे दिली. २००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने बोनसचे प्रकार पाडले. एकाच प्रकारचे दोन बोनस असतील तर साधारणपणे मोठा तेवढा धरायचा. प्रकार वेगळे असतील तर बेरीज करायची. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने गणित आणखी सोपे केले. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकायचे आणि त्यातला मोठा आकडा घ्यायचा. वरच्या उदाहरणात त्यामुळे ५० टक्क्यांचे ७५ होतात. पण अनुकूल गोष्टी तीन असोत की सात, फासे दोनच. शिवाय एकाच नावाचा मंत्र दोघांनी टाकला तरी त्याचा परिणाम एकदाच मोजला जातो.

थोडक्यात, या नियमांमागे एकच प्रश्न आहे. ताकदी मोजताना त्यांची संख्या पाहायची की त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध? इब्राहिमखान गारदी यांचे आयुष्य या प्रश्नाभोवतीच फिरले.

इब्राहिमखान गारदी कोण होते?

अठराव्या शतकाच्या मध्यावर दख्खनमध्ये लढाईची नवी पद्धत आली. फ्रेंच सेनानी बुसी १७५१ मध्ये निजामाच्या दरबारात दाखल झाला. त्याच्यासोबत कवायती पायदळ आणि वेगाने मारा करणाऱ्या तोफा होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या फौजेने कुकडी नदीच्या परिसरात, चंद्रग्रहणाच्या रात्री, पेशव्यांच्या छावणीवर अचानक हल्ला केला. मराठ्यांना नव्या तोफखान्याची धार तेव्हा जवळून कळली.

बुसीने स्थानिक शिपायांनाही कवायत शिकवली. रांगेत उभे राहायचे, हुकूम मिळाला की एकदम गोळी झाडायची, पुन्हा बार भरायचा आणि घोडदळ अंगावर आले तरी रांग मोडायची नाही. अशा शिपायांना गारदी म्हणू लागले. ‘गार्ड’ या युरोपीय शब्दाचे ते मराठी रूप. इब्राहिमखान या पद्धतीत तयार झालेले सरदार. आधी बुसीच्या हाताखाली आणि नंतर निजामअलीच्या पदरी त्यांनी नाव कमावले.

पेशव्यांकडे तोवर दुसरा एक गारदी सरदार होता, मुजफ्फरखान. तोही बुसीच्याच तालमीतला. १७५९ मध्ये सदाशिवरावभाऊंवर पुण्यात मारेकरी घालण्याचा प्रयत्न झाला. त्या कटात मुजफ्फरखान सापडला आणि त्याला देहदंड मिळाला. त्याच सुमारास इब्राहिमखान निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आले. एका गारद्याने जिवावर उठावे आणि भाऊंनी दुसऱ्या गारद्यावर विश्वास ठेवावा, हे सोपे नव्हते. त्या विश्वासाची किंमत दोघांनीही पुढे शेवटपर्यंत चुकवली.

मराठी फौजेत नवे काय आले?

मराठ्यांची मूळ ताकद घोडदळ. हलके सामान, लांबचा पल्ला, शत्रूची रसद तोडणे, अंगावर येऊन गेले की पुन्हा दिसेनासे होणे. गनिमी काव्याचा हा सगळा डोलारा वेगावर उभा होता.

इब्राहिमखानांची ताकद नेमकी उलटी. ती स्थैर्यावर उभी होती. तोफा बैलांनी ओढायच्या. पायदळ तोफांच्या चालीने चालायचे. पण एकदा जागा घेतली की समोरून येणाऱ्या घोडदळाला तिथे टिकणे कठीण.

खेळाच्या भाषेत सांगायचे तर हे दोन वेगवेगळ्या प्रकारचे बोनस होते. वेग हा एक, मारा हा दुसरा. पहिल्या नियमाप्रमाणे त्यांची बेरीज व्हायला हवी. पुढच्या काही महिन्यांत ती झालीही.

उदगीरला बेरीज कशी जमली?

१७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊ निजामावर चालून गेले. लढाईचा मुलूख म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि औशाचा परिसर. दुधनीहून हे दोन्ही किल्ले उत्तरेच्या बाजूला, सरळ रेषेत १०० ते १५० किलोमीटरच्या टप्प्यात येतात.

निजामाची फौज चालत चालत आपल्या दुसऱ्या तुकडीला गाठण्याच्या प्रयत्नात होती. मराठी घोडदळाने तिला चहूबाजूंनी घेरले. धान्य-चाऱ्याची वाट तोडली आणि चालीचा वेग कमी केला. शत्रू अडकून पडला की इब्राहिमखानांचा तोफखाना त्याच्यावर मारा करायचा. ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाजवळ निर्णायक लढाई झाली. निजामाला तह करावा लागला. सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बुऱ्हाणपूर, विजापूर अशी ठिकाणे मराठ्यांकडे आली. काही काळापूर्वी ज्यांची चाकरी केली, त्याच धन्याविरुद्ध इब्राहिमखान लढले होते.

इथे दोन्ही ताकदींची कामे वेगळी होती. घोडदळ शत्रूला पळू देत नव्हते, तोफा त्याला उभे राहू देत नव्हत्या. दोघांनाही एकमेकांच्या जागी जायची गरज पडली नाही. शिवाय घर जवळ होते, रसद चालू होती. बेरीज जमली ती या सगळ्यामुळे.

विजयाचा आनंद मात्र फार टिकला नाही. जानेवारीतच यमुनेकाठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे अब्दालीविरुद्ध लढताना पडले होते. ती बातमी दक्षिणेत पोहोचली. मार्चमध्ये परतूरहून भाऊ आणि विश्वासराव उत्तरेकडे निघाले. उदगीरला चाललेली जोडी पुढेही चालेल, या भरवशावर इब्राहिमखानांचा तोफखाना सोबत होता.

अडचण कुठे सुरू झाली?

सुरुवातीला सगळे ठीक चालले. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली ताब्यात आली. ऑक्टोबरमध्ये कुंजपुऱ्याचा किल्ला पडला. किल्ल्यासमोर तोफखाना नेहमीच उपयोगी ठरतो, कारण किल्ला जागचा हलत नाही.

खरी कुरबूर दोन गोष्टींवर होती. पहिली पैशाची. गारद्यांना दरमहा रोख पगार द्यावा लागे. पारंपरिक घोडदळ सरंजामावर आणि मुलूखगिरीवर चाले. तिथे थकबाकी नेहमीचीच. दिल्लीत तिजोरीची अवस्था अशी झाली, की लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून नाणी पाडावी लागली. गारद्यांना वेळेवर पैसे मिळतात आणि आपल्याला नाही, ही सल इतर सरदारांच्या मनात होती.

दुसरी कुरबूर पद्धतीची. मल्हारराव होळकर आणि जाटांचा राजा सूरजमल यांचे मत होते, की जड तोफा, बुणगे आणि कुटुंबकबिला मागे ठेवावा आणि हलक्या फौजेने गनिमी काव्याने लढावे. भाऊंनी उदगीर पाहिले होते. त्यांचा भर तोफखान्यावर होता. सूरजमल अखेर मोहीम सोडून गेला.

दोन्ही बाजूंत तथ्य होते, म्हणूनच हा वाद अवघड होता. पण एक गोष्ट दोन्हीकडून निसटली. तोफा आणि पायदळ सोबत असले की घोडदळाला त्यांच्या चालीने चालावे लागते. म्हणजे मारा वाढतो आणि वेग घटतो. अशा वेळी नवा बोनस मिळताना जुना कमी होतो. कागदावर मात्र दोन्ही पूर्ण मोजले जातात.

ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. मराठ्यांचा दक्षिणेकडचा रस्ता बंद झाला. नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर ठाकल्या. मराठ्यांनी भोवती खंदक खणला, तोफा लावल्या. अब्दालीची त्या खंदकावर थेट चालून येण्याची हिंमत झाली नाही. पण त्याला तशी गरजही नव्हती. डिसेंबरमध्ये बळवंतराव मेहेंदळे पडले. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. उदगीरला जे मराठ्यांनी निजामाचे केले, तेच आता त्यांच्या वाट्याला आले. धान्य संपले, चारा संपला, घोडी मरू लागली. घोडदळाचा वेग आधी पायदळामुळे घटला होता, आता उपासमारीने उरलासुरला गेला.

१४ जानेवारी १७६१ रोजी काय घडले?

त्या दिवशी मराठे खंदकाबाहेर पडले. ठरलेली योजना गोलाची होती. मध्ये बुणगे आणि न लढणारी माणसे, भोवती फौज, आणि सगळे मिळून दिल्लीच्या दिशेने सरकायचे. डाव्या बाजूला इब्राहिमखान, मध्यभागी भाऊ आणि विश्वासराव, उजवीकडे शिंदे-होळकर.

गोलाची लढाई हा सगळ्यात कडक नियमांचा डाव. प्रत्येकाने आपली जागा धरून ठेवायची. घोडदळाला ही सवय नव्हती.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेले काशीराज पंडित त्या दिवशी समोरच्या छावणीत होते. त्यांनी लिहिलेल्या हकिकतीनुसार इब्राहिमखानांकडे सुमारे ९ हजार बंदूकधारी पायदळ, २ हजार स्वार आणि ४० तोफा होत्या. लढाई सुरू होण्यापूर्वी ते भाऊंकडे गेले. पगारासाठी आपण लावलेल्या तगाद्याचा त्यांनी उल्लेख केला आणि तो पगार हक्काचा होता हे आज दिसेल, असे सांगितले. तेव्हा पगार थकलेलाच होता.

त्यांच्यासमोर रोहिले होते. हाफिज रहमतखान आणि दुंदेखान यांची फौज. काशीराज लिहितात, की इब्राहिमखानांनी दोन पलटणी बगलेच्या रक्षणाला ठेवल्या आणि उरलेल्या घेऊन संगिनींचा हल्ला चढवला. झेंडा त्यांनी स्वतःच्या हातात घेतला होता. पुढे जाताना तोफा आणि बंदुका थांबवण्याचा हुकूम द्यावा लागला. आपलेच लोक पुढे असताना मागून गोळा टाकता येत नाही. तोफ आणि संगीन ही दोन्ही गारद्यांचीच हत्यारे, पण एका वेळी एकच चालते.

हल्ला भयंकर होता. रोहिल्यांची हजारोंनी हानी झाली. अब्दालीची उजवी बाजू खिळखिळी झाली. दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकलेले होते.

याच बाजूला, मराठी इतिहासलेखनात वारंवार सांगितली जाणारी एक चूक घडली. रोहिले मागे हटताना पाहून विठ्ठल शिवदेव विंचूरकरांसारख्या सरदारांच्या स्वारांनी गोलातील जागा सोडून पाठलागासाठी मुसंडी मारली. ते गारद्यांच्या पुढे गेले आणि गारद्यांचा मारा थांबला. समोरून रोहिल्यांच्या बंदुकांनी स्वार टिपले, ते उधळून मागे आले आणि गोलात खिंडार पडले. घोडदळही शूर होते, गारदीही शूर होते. पण दोघे एकाच जागेत आले आणि दोघांचीही ताकद शून्यावर आली. बेरीज सोडाच, वजाबाकी झाली.

समोरच्या बाजूने काय वेगळे केले?

अब्दालीकडेही वेगवेगळ्या ताकदी होत्या. चिलखती घोडदळ, रोहिल्यांचे पायदळ आणि उंटांवर बसवलेल्या हलक्या तोफा, म्हणजे जंबुरक. फरक जोडण्याच्या पद्धतीत होता.

जंबुरकाचा मारा मराठ्यांच्या मोठ्या तोफांपेक्षा कमी. पण उंट धावू शकतो. म्हणजे तोफ घोडदळासोबत पुढेमागे होऊ शकते. मारा मिळवण्यासाठी वेग गमवावा लागत नव्हता. दुसरे म्हणजे अब्दालीने सगळी फौज एकदम उतरवली नाही. राखीव तुकड्या मागे ठेवल्या आणि दुपारी, मराठे व त्यांची उपाशी घोडी थकल्यावर त्या पुढे सोडल्या. एकेक ताकद आपापल्या वेळी वापरली गेली, म्हणून ती पूर्ण मोजली गेली.

दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले. मग रणांगण फिरले. भाऊ लढता लढता गर्दीत दिसेनासे झाले. उजवीकडून होळकर निघून गेले.

इब्राहिमखानांचा शेवट कसा झाला?

काशीराजांच्या हकिकतीप्रमाणे हल्ल्यात उतरलेल्या गारद्यांच्या सहा पलटणी जवळपास संपल्या. खुद्द इब्राहिमखानांना अनेक जखमा झाल्या. त्यांनी मैदान सोडले नाही. जखमी अवस्थेत ते पकडले गेले. शुजाउद्दौल्याने त्यांना आसरा देण्याचा प्रयत्न केला, पण अब्दालीने त्यांचा ताबा मागितला. त्याच छावणीत त्यांचा अंत झाला.

समोरच्या बाजूने या युद्धाला धर्मयुद्धाचा रंग दिला होता. तरीही इब्राहिमखान ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या बाजूने उभे राहिले. महाराष्ट्राच्या स्मरणात त्यांना स्थान आहे ते मुख्यतः या निष्ठेमुळे. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला आणि गारदी हा शब्द कायमचा बदनाम झाला. त्याआधी १२ वर्षे हाच शब्द पानिपतावर वेगळ्या अर्थाने लिहिला गेला होता, हे अनेकदा विसरले जाते.

पुढे हा नियम कोणी सुधारला?

पानिपतातून पायाला जखम घेऊन वाचलेले एक सरदार म्हणजे महादजी शिंदे. कवायती पायदळ मराठ्यांच्या कामाचे नाही, असा निष्कर्ष त्यांना सहज काढता आला असता. त्यांनी तो काढला नाही. १७८४ च्या सुमारास त्यांनी बेनॉय द बॉइन या युरोपीय सेनानीला चाकरीत घेतले आणि नव्या पलटणी उभ्या केल्या.

महत्त्वाचा बदल व्यवस्थेत होता. पलटणींच्या पगारासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातील मुलूख वेगळा तोडून दिला गेला. म्हणजे पायदळाचा पगार आणि घोडदळाचा पगार एकाच रिकाम्या तिजोरीत भांडत बसले नाहीत. लढाईत पायदळाने रांग धरायची आणि घोडदळाने बगला सांभाळून पाठलाग करायचा, ही कामाची वाटणीही पक्की झाली. १७९० मध्ये पाटण आणि मेडता या दोन्ही ठिकाणी शिंद्यांच्या फौजेने विजय मिळवले. इब्राहिमखानांची कल्पना चुकीची नव्हती. तिच्याभोवतीचे नियम अपुरे होते.

मग खेळात बेरीज करू द्यावी का?

आता पुन्हा टेबलाकडे आणि फाशांकडे. शक्तींची बेरीज सरसकट बंद करावी, असे इब्राहिमखानांचे आयुष्य सांगत नाही. तसे असते तर उदगीरची लढाई झालीच नसती. सगळे बोनस डोळे झाकून मिळवावेत, असेही ते सांगत नाही. गेम मास्टरने खेळाडूला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, दोन्ही शक्ती एकच काम करतात का? करत असतील तर मोठी तेवढी धरावी. दोन चिलखतांनी माणूस दुप्पट सुरक्षित होत नाही, फक्त जड होतो. तिसऱ्या आवृत्तीतील बोनसच्या प्रकारांचा नियम हाच आहे.

दुसरा प्रश्न, दोन्ही एकाच क्षणी, एकाच जागेत वापरता येतात का? तिरंदाजाच्या आणि शत्रूच्या मधोमध आपलाच योद्धा उभा असेल, तर तिरंदाजाचा पूर्ण बोनस मोजणे म्हणजे पानिपतावरच्या गारद्यांना आपल्याच स्वारांतून गोळी झाडायला सांगणे. पाचव्या आवृत्तीत काही मंत्रांना एकाग्रता लागते आणि एका वेळी असा एकच मंत्र टिकवता येतो. तो नियम याच विचारातून येतो.

तिसरा प्रश्न, त्या बेरजेची किंमत कोण देते? पगार, रसद, वेग यांपैकी काहीतरी खर्च व्हायलाच हवे. जड चिलखताने ताकद वाढत असेल तर चाल कमी व्हावी. मंत्राने हात बळकट होत असतील तर मांत्रिकाची ती खेळी खर्ची पडावी. किंमत लावली की बेरजेचा आपोआप तोल राहतो. फुकटची बेरीज मात्र खेळ बिघडवते. एक खेळाडू सगळ्यांवर भारी पडतो आणि बाकीचे नुसते बघत बसतात.

या तीन चाळण्यांतून जी बेरीज पार होईल, ती मनापासून करू द्यावी. कारण तिच्यामागे खेळाडूंचा ताळमेळ असतो. घोडदळाने शत्रूला अडकवावे आणि तोफखान्याने मारावे, अशी चाल टेबलावर कोणी रचली तर तिला पूर्ण गुण मिळायला हवेत. उदगीरला ते मिळाले होते.

थोडक्यात महत्त्वाचे

• एकच काम करणाऱ्या शक्तींची बेरीज होत नाही, त्यातली मोठी तेवढी धरावी.

• वेगळी कामे करणाऱ्या शक्तींची बेरीज होते, पण जागा आणि वेळ वेगळी असेल तरच.

• नव्या शक्तीमुळे जुनी कमी होत असेल तर ती घटही मोजावी.

• उदगीर (१७६०) आणि पानिपत (१७६१) या दोन्ही लढायांत इब्राहिमखान गारदी यांचा तोफखाना मराठ्यांकडे होता. पहिल्या लढाईत घोडदळ आणि तोफा एकमेकांना पूरक ठरल्या, दुसरीत एकमेकांच्या आड आल्या.

• महादजी शिंदे यांनी पगाराची आणि कामाची वेगळी व्यवस्था लावून हीच जोडी १७९० मध्ये यशस्वी केली.

अक्कलकोटच्या भिंतीवरची शस्त्रे एकमेकांशेजारी शांतपणे टांगलेली आहेत. तिथे ती एकमेकांच्या आड येत नाहीत, कारण त्यांना लढायचे नाही. लढायची वेळ आली की कोणते उचलायचे आणि कोणते भिंतीवरच ठेवायचे, हे ठरवावे लागते. खेळात चुकले तर पुढच्या रविवारी नवा डाव मांडता येतो. इब्राहिमखानांना ती सवलत नव्हती.